क्रमिक पुस्तकातले तीन कप्पे

जुनी क्रमिक पुस्तके मी गेली वीसेक वर्षे रद्दीच्या दुकानांतून गोळा करतो आहे. ती वाचताना एक प्रश्न सतत समोर असतो : इंग्रजी राजवटीविषयीचे आपले मत बदलले, पण तिने आखून दिलेली इतिहासाची मांडणी बदलली का?

त्या मांडणीचे मूळ १८१७ सालात सापडते. हिंदुस्थानात कधीही न आलेल्या जेम्स मिलने तीन खंडांत ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहिला आणि आपल्या भूतकाळाचे हिंदू, मुसलमान व ब्रिटिश असे तीन कप्पे पाडले. पहिल्या दोन कप्प्यांना धर्माचे नाव. तिसऱ्याला मात्र 'ख्रिस्ती' म्हटलेले नाही. आधीच्या राजवटी धर्माच्या आणि इंग्रजांची तेवढी कायद्याची, हा निवाडा नाव देतानाच होऊन गेला.

मराठी शाळांत इंग्रजी दृष्टी शिरली ती मुख्यतः ग्रँट डफमुळे. त्याचा १८२६ चा ग्रंथ कॅपन आणि बाबा साने यांनी काही वर्षांतच 'मराठ्यांची बखर' म्हणून मराठीत आणला आणि मुले आपल्याच पूर्वजांचा इतिहास साताऱ्याच्या माजी रेसिडेंटच्या नजरेने शिकू लागली. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी तरुणपणीच या बखरीवर साधार टीका लिहिली. मराठी इतिहाससंशोधनाची एक वाट या क्रमिक पुस्तकाशी झालेल्या भांडणातून निघाली, असे म्हणायला हरकत नाही.

१८९७ साली मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी ली-वॉर्नर यांचे 'द सिटिझन ऑफ इंडिया' हे शालेय पुस्तक आले. इंग्रजी राज्याचे फायदे मुलांना पटवून देणे हा त्याचा उद्देश. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून रँडवर गोळी झाडली गेली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला.

स्वातंत्र्यानंतर पारडे फिरले. बिपन चंद्र यांच्या १९७१ च्या 'मॉडर्न इंडिया'मध्ये दादाभाईंचा संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त शाळेत पोचला. रेल्वे हे 'वरदान' राहिले नाही. कंपन्यांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती आणि तूट हिंदी रयतेच्या करातून भरली जात होती, हा हिशेबही पुढे आला. ही दुरुस्ती आवश्यकच होती.

मांडणी मात्र तग धरून राहिली. मिलच्या कप्प्यांवर 'प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक' अशा नव्या चिठ्ठ्या लागल्या, पण शिवणी बऱ्याच अंशी त्याच. धडे गव्हर्नर-जनरलांच्या क्रमाने चालले. वेलस्लीने हे केले, डलहौसीने ते केले. स्तुतीच्या जागी निषेध आला तरी वाक्याचा कर्ता साहेबच राहिला. शेतकरी, विणकर, आदिवासी यांच्या वाट्याला बहुधा कर्मणी प्रयोग.

म्हणून एनसीईआरटीच्या २००८ च्या आठवीच्या पुस्तकाचा पहिला धडा मला मोलाचा वाटतो. तो मिलचे कप्पे मुलांसमोर ठेवून विचारतो, की हे कोणी पाडले आणि का? रेनेलच्या १७८२ च्या नकाशावरील चित्रही तिथे आहे : ब्राह्मण ब्रिटानियाला शास्त्रग्रंथ अर्पण करताहेत. कोणी बळजबरी करत नाही, सारे स्वखुशीने. चित्र कोणी काढवले, हे विचारायला मूल तिथे शिकते.

सनावळ्या परीक्षेनंतर विसरल्या जातात. कप्पे डोक्यात राहतात. आज शिकलेली माणसे 'मुसलमानी काळ' आणि मग 'इंग्रजांचा काळ' असे सहज बोलून जातात आणि त्यावर हमरीतुमरीवरही येतात. त्या भांडणाची आखणी लंडनमध्ये बसून झाली होती, एवढे तरी आठवीतल्या मुलाला ठाऊक असावे.