फी नसलेली शाळा : हिंगोलीत बसून वेब डेव्हलपमेंट

३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेने एक छोटासा दस्तऐवज जाहीर केला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या आणि पुढे तिथेच घडवलेल्या वर्ल्ड वाइड वेबच्या मूळ सॉफ्टवेअरवरचा हक्क संस्थेने सोडला होता. कोणीही ते वापरावे, बदलावे, वाटावे. कुणाला एक पैसा देणे लागत नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या ‘गोफर’ या प्रणालीसाठी शुल्क आकारण्याचा विचार बोलून दाखवला होता. तेव्हा गोफरचा बोलबाला वेबपेक्षा मोठा होता. पैशाचे नाव निघताच लोक बिचकले, वेबकडे सरकले आणि गोफर काही वर्षांत इतिहासजमा झाली.

परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी, म्हणजे सर्नच्या त्या घोषणेनंतर सहा वर्षे आणि एका दिवसाने. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या; सोयाबीन, कापूस आणि हळद ही मुख्य पिके. इथे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती नाहीत. बी.ए. किंवा डी.एड. करून, स्पर्धा परीक्षांत उमेदीची वर्षे घालवून, आता ‘कोडिंग शिकून बघावं का’ असे विचारणारी मुलेमुली मात्र गावोगाव आहेत. पुढचा प्रश्न बहुधा वडिलांचा असतो : क्लासची फी किती? त्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे शून्य. खर्च होतो, पण तो भलत्याच ठिकाणी.

आधी ही विद्या आहे तरी काय, ते पाहू. वेबपान तीन भाषांवर उभे असते. एचटीएमएल मजकुराची मांडणी ठरवते, सीएसएस त्याला रंगरूप देते आणि जावास्क्रिप्ट पानात हालचाल आणते. ही जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या १० दिवसांत तयार केली होती. आज जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषांत तिची गणना होते. पडद्यामागचा भाग, म्हणजे माहिती साठवणे, खाते तपासणे, हिशेब करणे, पायथन, पीएचपी, जावा अशा भाषांत लिहिला जातो.

यातली खरी नवलाई वेगळीच आहे. संगणकाच्या ब्राउझरमध्ये कोणतेही पान उघडून त्यावर उजवे क्लिक केले की त्याचा सोर्स बघता येतो. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपनीचे पान असो की ग्रामपंचायतीचे, मांडणी कशी केली आहे ते समोर दिसते. दुसरा कोणता धंदा आपला कारखाना असा सताड उघडा ठेवतो? वेब लिहिणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतले कितीतरी जण असे दुसऱ्याच्या पानात डोकावूनच शिकले.

ज्ञान मोकळे ठेवण्याची ही सवय पुढे विद्यापीठांनाही लागली. अमेरिकेतील एमआयटीने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली. आपल्याकडे आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटेल’ सुरू केले. त्यातला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनचा अभ्यासक्रम किंवा आयआयटी रोपडच्या सुदर्शन अय्यंगार यांचा ‘जॉय ऑफ कॉम्प्युटिंग’ पाहायला आणि शिकायला काही मोजावे लागत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची; तिचे शुल्क अनेक वर्षे सुमारे १,००० रुपये राहिले आहे. हार्वर्डच्या डेव्हिड मॅलन यांचा ‘सीएस५०’ हा संगणकशास्त्राचा गाजलेला वर्गही असाच मोकळा आहे, आणि त्याचा वेबवरचा पुढचा भागही.

निव्वळ वेब शिकायचे तर ‘फ्रीकोडकॅम्प’ला तोड नाही, असे माझे मत आहे. क्विन्सी लार्सन यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली ही ना-नफा संस्था. डावीकडे सूचना, मध्ये कोड लिहायची जागा, उजवीकडे त्याचा परिणाम. चूक झाली की पुढे जाऊ देत नाही. एकेका प्रमाणपत्राला सुमारे ३०० तास लागतात असा तिचा जुना अंदाज. रोज दोन तास दिले तर पाच महिने. दुसरा पर्याय ‘द ओडिन प्रोजेक्ट’ : हा हात धरून चालवत नाही, आपल्याच संगणकावर सगळी अवजारे बसवायला लावतो आणि म्हणूनच नोकरीतल्या कामाच्या अधिक जवळ जातो.

यावर लगेच येणारी अडचण इंग्रजीची, आणि ती खोटी नाही. तिच्यावर उपाय म्हणून आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प मला फार मोलाचा वाटतो. सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे, निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. अर्ध्या पडद्यावर धडा चालू ठेवायचा, उरलेल्या अर्ध्यात तेच स्वतः करायचे. एचटीएमएल, पीएचपी, पायथन, लिनक्स असे विषय त्यात आहेत. धडे उतरवून घेता येतात. वीज आणि रेंज दोन्ही लपंडाव खेळणाऱ्या गावात ही सोय लहान नव्हे. एवढ्या चांगल्या गोष्टीची माहिती आपल्या कॉलेजांतल्या फलकांवर का नसते, कळत नाही.

ज्याला घरी बसून एकट्याने जमत नाही, त्याच्यासाठी वर्गही आहेत. शासकीय आयटीआयमधला ‘कोपा’ हा संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहायकाचा ट्रेड एक वर्षाचा असतो. दहावी उत्तीर्ण चालतो, वयाची वरची मर्यादा नाही आणि त्यात एचटीएमएल, जावास्क्रिप्टची तोंडओळख होते. सारथी, बार्टी, महाज्योती, अमृत या संस्था आपापल्या लक्षित गटांसाठी विनाशुल्क प्रशिक्षण देतात. सारथीचे संगणक प्रशिक्षण तर एमएस-सीआयटीमुळे घरोघरी पोचलेल्या एमकेसीएलबरोबरच चालते. २०१६ मध्ये सुरू झालेली ‘नवगुरुकुल’ ही संस्था गरीब घरांतल्या तरुणांना, विशेषतः मुलींना, निवासी व्यवस्थेसह प्रोग्रॅमिंग शिकवते. राहणे-जेवण-शिकणे सगळे विनाशुल्क. पदवीच हवी असेल तर आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेला ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम आहे. तो फुकट नाही, पण प्रवर्ग आणि उत्पन्न पाहून शुल्कात मोठी सूट मिळते. त्यात वेब अॅप्लिकेशन बांधण्याचे विषय आहेत आणि टप्प्याटप्प्यावर प्रमाणपत्र घेऊन थांबता येते.

मग खर्च कशावर करायचा? पहिला, यंत्रावर. मोबाइलवर धडे पाहता येतात, चार ओळी लिहिताही येतात, पण त्याच्या भरवशावर या धंद्यात येता येणार नाही. आठ जीबी रॅमचा वापरलेला लॅपटॉप आणि त्यावर फुकट मिळणारे लिनक्स पुरते. व्हीएस कोड हा एडिटर फुकट, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे, लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये केलेले गिट फुकट, गिटहबवर आपले पान जगाला दाखवण्याची जागाही फुकट. दुसरा खर्च वेळेचा, आणि घरात कमावता हात एकच असेल तर तो सर्वांत महाग पडतो. म्हणून चालू काम सोडून पुण्याला खोली घेण्याआधी निदान सहा महिने इथेच शिकून पाहावे. तिसरा खर्च माणसांचा : अडल्यावर विचारायला कुणी हवे. पैसे द्यायचेच असतील तर ते धड्यांसाठी देऊ नयेत, आपला कोड वाचून चुका दाखवणाऱ्या माणसासाठी द्यावेत. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची पाटी आणि हप्त्यांचा कर्जाचा अर्ज एकाच टेबलावर दिसला की उठून यावे. जुन्या विद्यार्थ्यांनी बांधलेली पाने दाखवा, एवढेच विचारले तरी बरेच क्लास गडबडतात.

शिकणाऱ्याने काय बांधावे, याचे उत्तर अंगणातच आहे. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डातले रोजचे भाव दाखवणारे, दर बदलला की आलेख हलवणारे पान बांधून पाहा. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीची विक्री करणाऱ्या एखाद्या शेतकरी गटाची साइट करा. मुलाखतीत नक्कल केलेल्या दहा प्रकल्पांपेक्षा असे एक खरे पान जास्त बोलते.

मराठवाड्यातून हा रस्ता कुणी चालले आहे का? बीड जिल्ह्यातले दादासाहेब भगत पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय होते. काम सांभाळून ते डिझाइन, अॅनिमेशन आणि पुढे प्रोग्रॅमिंग शिकले, ‘डूग्राफिक्स’ ही कंपनी उभी केली आणि ‘शार्क टँक इंडिया’च्या तिसऱ्या पर्वात पोचले. हे उदाहरण खरे आहे, पण अपवादाचे आहे. सामान्य वाट अशी : वर्षभर शिकणे, छोटी कामे, मग कमी पगाराची पहिली नोकरी. त्यात साधी पाने आता एआय क्षणात लिहून देते, त्यामुळे नुसत्या एचटीएमएलवर नोकरी मिळण्याचे दिवस सरत चालले आहेत. डेटाबेस, सर्व्हर आणि चूक शोधण्याची बुद्धी इथपर्यंत जावेच लागेल.

शिवाय वेब जमले नाही तरी शिकलेली पायथन वाया जात नाही. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, सुमारे २,६०० कोटींचा खर्च, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीची माहिती जगासाठी खुली आहे आणि ती पायथनमध्ये कशी तपासायची याचे धडेही. सेनगावचा विद्यार्थी दोन कृष्णविवरांची टक्कर आपल्या लॅपटॉपवर स्वतः मोजू शकतो.

एनपीटेलची सत्रे साधारणपणे जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात आणि नावनोंदणी त्याच्या थोडी आधी उघडते. पुढच्या सत्रात एक विषय घ्या, तोवर स्पोकन ट्युटोरियलचे एचटीएमएलचे धडे संपवून ठेवा, आणि त्याआधी कोणत्याही क्लासला आगाऊ रक्कम देऊ नका.