मालवणचे सागरी अभयारण्य : सहलीची पूर्वतयारी

सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेलेली शालेय सहल ही बहुधा केवळ इतिहासाची सहल असते. शिवाजी महाराजांनी इ. स. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधकामास आरंभ केला. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर आहे. भोवती खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. एवढे सांगून झाले की होडी परत फिरते. यात गैर काही नाही. परंतु ज्या खडकावर हा तट उभा आहे तो खडक व त्याभोवतालचा समुद्र हे एक संरक्षित अभयारण्य आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या कानी क्वचितच पडते.

महाराष्ट्र शासनाने १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यापैकी सुमारे ३ चौरस किलोमीटर हा गाभ्याचा भाग होय. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड बेट व पाण्याखालील काही खडक या गाभ्यात येतात. अरण्य म्हटले की झाडी व श्वापदे डोळ्यांपुढे येणाऱ्या मुलांस येथे अरण्य दिसणार तरी कोठे? ते दिसते ओहोटीस, आणि म्हणूनच सहलीचा दिवस पंचांग पाहून ठरवावा.

कोकणात जुना ठोकताळा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीयेस तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे भरती सुमारे सव्वादोन वाजता व त्यानंतर सहा तासांनी, सव्वाआठच्या सुमारास, ओहोटी. मालवणास ही वेळ मुंबईपेक्षा थोडी अगोदर येते. हे गणित पाचवीचा विद्यार्थी सहज करील. मात्र ठोकताळ्यात दररोजचा उशीर ४५ मिनिटे धरला आहे व प्रत्यक्षात तो ५० मिनिटांच्या आसपास असतो; म्हणून पंधरवड्याच्या अखेरीस चूक वाढत जाते. प्रसिद्ध झालेले भरती-ओहोटीचे वेळापत्रक व मुलांचे उत्तर यांची वर्गात तुलना करावी आणि जाण्याची वेळ वेळापत्रकावरूनच घ्यावी. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी फारसे ओसरत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या तृतीया-चतुर्थीस उधाणाचा जोर टिकून असतो व ओहोटी सकाळच्या सोयीच्या वेळी लाभते.

पाणी ओसरल्यावर खडकातील खळग्यांत जे साचून राहते त्यातच पाठ असतो. खडकास चिकटलेली कालवे, रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा, स्पर्श होताच मिटणारे समुद्रफूल हे सर्व एका परातीएवढ्या जागेत आढळू शकते. येथील प्राण्यांस दिवसातून दोनदा उन्हाचा ताप व दोनदा लाटांचा मारा सोसावा लागतो. कोण शिंपला घट्ट मिटतो, कोण दगडाखाली शिरतो, हे मुलांनी स्वतः हुडकावे. उचललेला दगड मात्र होता तसाच परत ठेवावा. उलटा ठेवला तर त्याच्या खालच्या अंगास राहणारे जीव उन्हाने मरतात.

प्रवाळ पाण्याखाली असल्याने बहुतेकांस दिसणार नाहीत. ते दगड नव्हेत, वनस्पतीही नव्हेत. चुन्याचे घर बांधणाऱ्या अतिसूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती आहेत. त्यांच्या शरीरात राहणारे शेवाळ त्यांस अन्न पुरविते. पाणी फार तापले की हे शेवाळ निघून जाते व प्रवाळ पांढरे पडतात. होडीचा नांगर किंवा पोहणाऱ्याचा पाय यांनीही ते मोडतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांस संरक्षण आहे. तुकडा वर्गाच्या संग्रहासाठीही आणू नये.

आता एक नाजूक बाब. अभयारण्यास येथील मच्छीमारांनी विरोध केला आहे, कारण मासेमारीवर निर्बंध येऊन पोट कसे भरावे ही त्यांची चिंता आहे. वर्गात त्यांचीच मुले बसलेली असतात. ‘कोळी समुद्राचा नाश करितात’ असे वाक्य शिक्षकाच्या तोंडून गेले तर ते मूल त्या दिवसापासून गप्प होईल, आणि ते चुकीचेही ठरेल. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची चाल या किनाऱ्यावर कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. रापण ओढणाऱ्या एखाद्या वयस्क गृहस्थास शाळेत बोलावून कोणते मासे कमी झाले, केव्हापासून व त्यांच्या मते कशामुळे, हे मुलांनी विचारावे. उत्तरे वहीत लिहावीत. शिक्षकाने निवाडा देण्याची घाई करू नये.

पावसाळ्यात किल्ल्याकडील होड्या बंद असतात. गाभ्याच्या क्षेत्रात उतरावयाचे असल्यास वनविभागाकडे आधी चौकशी करावी. मुलांच्या पायांत घट्ट बसणाऱ्या चपला असाव्यात. शेवाळलेला खडक फार निसरडा असतो. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हाती घेऊ देऊ नये, कारण त्यांतील काहींचा दंश विषारी असतो. दहा मुलांमागे एक मोठा माणूस हवा. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी खडकावर जावे व ओहोटीची वेळ होताच परत फिरावे. पाणी पुढून येताना दिसते, पण मागील सखल वाटा ते त्याआधीच भरून काढते.