शंभर वर्षांची मुदत

झीलंडला समुद्रावर जाताना आपल्यापैकी काहींनी फ्लिसिंगन बंदराजवळची ती भडक केशरी इमारत लांबून पाहिली असेल. भिंतीवर हिरव्या अक्षरांत आइन्स्टाइनचं सूत्र! मुलं विचारतात, हे काय आहे? तर मंडळी, या देशातला सर्वांत जहाल किरणोत्सारी कचरा तिथे ठेवला आहे. 'कोव्रा' या सरकारी कंपनीची ही इमारत २००३ साली राणी बेआट्रिक्स यांच्या हस्ते सुरू झाली. भिंती १.७ मीटर जाडीच्या. दर वीस वर्षांनी रंग थोडा फिका करायचा, म्हणजे शंभर वर्षांनी ती पांढरी होईल, अशी विल्यम फेरस्ट्राटेन या चित्रकाराची कल्पना. आतल्या कचऱ्याची उष्णताही तशीच हळूहळू उतरत जाते.

हा कचरा कुणाचा? बोर्सेलेची वीज १९७३ पासून आपल्याही घरात येते. तिथलं वापरलेलं इंधन फ्रान्सला प्रक्रियेसाठी जातं आणि उरलेला जहाल भाग काचेत वितळवून, पोलादी डब्यांत भरून परत येतो. (आपल्या तारापूरलाही असा कचरा काचेतच बंद करतात.) पेटनच्या अणुभट्टीत इस्पितळांसाठी आयसोटोप बनतात, तिचंही इंधन इथेच येतं. तेव्हा ज्याचा कुणाचा तसला स्कॅन झाला असेल, त्याचाही यात वाटा आहेच.

मग तो जमिनीत का पुरत नाहीत? प्रयत्न झाला होता. १९७६ मध्ये ग्रोनिंगन आणि ड्रेंथमधल्या मिठाच्या घुमटांची नावं पुढे आली आणि तिथले लोक खवळले. शेवटी १९८४ साली ठरलं, किमान शंभर वर्षं जमिनीवरच ठेवायचं. त्यामागे हिशेबही आहे. कचरा थोडा, त्यासाठी आत्ताच खाण खोदणं परवडत नाही. म्हणून कचरा देणाऱ्यांकडून आजच पैसे घ्यायचे आणि ते व्याजाने वाढू द्यायचे. २०१६ च्या सरकारी कार्यक्रमानुसार निर्णय २१०० च्या सुमारास आणि भूमिगत कोठार २१३० च्या आसपास.

कोठाराचा आराखडा मात्र आजच कागदावर आहे. मिठाचा पर्यायही अभ्यासात आहेच, पण चिकणमातीवर बरंच काम झालंय. सुमारे ५०० मीटर खोल 'बोम' मातीचा थर. बेल्जियममधल्या बोम गावी हिच्याच विटा पाडत. तीन कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेली ही माती मऊ असते, भेग पडली तर आपोआप मिटते आणि तिच्यातून पाणी जवळजवळ हलतच नाही. काचेच्या डब्याभोवती पोलाद, त्याभोवती काँक्रीट, आणि हे सगळं मातीतल्या बोगद्यांत. बोगद्यांनाही आतून काँक्रीटचं अस्तर लागतं, नाहीतर ही मऊ माती त्यांना दाबून बुजवून टाकेल. पोलाद कधीतरी गंजणार, हे धरूनच हिशेब केलाय. खरी भिस्त मातीवर. सरहद्दीपलीकडे मोल गावी २२५ मीटर खोलीवरच्या प्रयोगशाळेत १९८० पासून हीच माती तपासताहेत.

अडचण वेगळीच आहे. १९९३ पासून सरकारची अट अशी, की पुरलेला कचरा पुन्हा वर काढता आला पाहिजे. का, तर पुढच्यांना जास्त चांगला उपाय सापडला तर? रास्त आहे. पण सुरक्षितता तर कोठार कायमचं बुजवण्यात! दार किती वर्षं उघडं ठेवायचं?

मला स्वतःला मातीचा भरवसा वाटतो. व्याजदराचा तेवढा वाटत नाही. शंभर वर्षं टिकेल असं सरकार, तेवढा काळ वाढत राहील असा निधी, आणि त्याची आठवण ठेवणारी माणसं, हे तिन्ही लागणार. २०२२ मध्ये सरकारने नव्या दोन अणुभट्ट्यांसाठीही बोर्सेलेलाच पसंती दिली, म्हणजे कचरा वाढणार आणि कोठारही मोठं लागणार. निधीत आज किती पैसे जमा आहेत, हे आता झीलंडच्या लोकांनीच नव्हे, आपणही विचारायला हवं. बिल आपल्या पणतवंडांच्या नावावर फाटणार आहे.