कॅप म्हणजे फक्त टोपी नव्हे! 'नो कॅप' ते 'स्मॉल कॅप', अर्थ समजून घ्या

तुम्ही मोठ्या हौसेने ट्रेकचा फोटो टाकलात आणि खाली भाच्याची कमेंट आली, 'कॅप!' सोबत निळ्या टोपीचा इमोजी. फोटोत तर तुम्ही टोपी घातलेलीच नाही. मग हे काय? तर भाचा तुम्हाला प्रेमाने सांगतोय, 'मामा, थापा मारू नका.'

नो कॅप म्हणजे काय?

हल्लीच्या बोलीत 'कॅप' म्हणजे थाप आणि 'नो कॅप' म्हणजे खरं सांगतोय, शपथेवर. हा प्रयोग अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून आला आणि हिप-हॉपमुळे पसरला. २०१७ मध्ये फ्यूचर आणि यंग थग या रॅपर्सचे याच नावाचे गाणे आले होते. मित्रांमध्ये हा शब्द गमतीत चालतो. पण अनोळखी माणसाला किंवा साहेबांना 'कॅप' म्हणणे म्हणजे तोंडावर खोटारडे म्हणणे. जरा जपून!

गंमत म्हणजे मराठीतही 'टोपी घालणे' म्हणजे फसवणेच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण लक्षात ठेवायला सोपे.

कॅपचे वाक्प्रचार

• अ फेदर इन युअर कॅप : शिरपेचात मानाचा तुरा.
• इफ द कॅप फिट्स, वेअर इट : खाई त्याला खवखवे. अमेरिकेत इथे टोपीऐवजी बूट येतो.
• कॅप इन हँड : लाचार होऊन मदत मागणे, हात पसरणे.
• टू कॅप इट ऑल : 'त्यात भर म्हणून'. वाईट गोष्टींच्या यादीत आला तर आपला दुष्काळात तेरावा महिना.
• पुट ऑन युअर थिंकिंग कॅप : डोके चालवा.

क्रिकेटमधली कॅप

पदार्पणाच्या दिवशी खेळाडूला कॅप देतात. तिचा क्रमांक पदार्पणाच्या क्रमाने ठरतो. सचिन तेंडुलकरचा कसोटी कॅप क्रमांक १८७, म्हणजे तो भारताकडून कसोटी खेळणारा १८७ वा खेळाडू.

कॅप म्हणजे मर्यादा

'प्राइस कॅप' म्हणजे किमतीची कमाल मर्यादा. बाटलीला टोपण लावले की ती बंद होते, तसेच हे. याच्या वर जायचे नाही.

स्मॉल कॅप : इथे फसू नका

शेअर बाजारातील 'कॅप' टोपीही नाही आणि मर्यादाही नाही. ते 'कॅपिटलायझेशन'चे लघुरूप आहे. कंपनीचे एकूण शेअर गुणिले एका शेअरचा भाव, म्हणजे मार्केट कॅप. म्युच्युअल फंडांसाठी सेबीने ठरवलेल्या व्याख्येनुसार या मूल्यात पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढच्या स्मॉल कॅप.

काहींना वाटते, 'स्मॉल कॅप' म्हणजे थोडेच पैसे आणि थोडीच जोखीम. उलट आहे! लहान कंपन्यांचे भाव सहसा जास्त जोरात वर-खाली होतात. तेव्हा एखाद्या ग्रुपवर 'हा स्मॉल कॅप शेअर महिन्यात दुप्पट होणार, नो कॅप' असा मेसेज आला, तर त्यातल्या दोन्ही कॅप नीट ओळखा. नाहीतर तिसरी टोपी आपल्यालाच घातली जायची!