अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग आणि दीर्घ आरएनए

पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाला वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला अष्ठीला किंवा प्रोस्टेट ग्रंथी म्हणतात. उतारवयात तिच्यात उद्भवणारा कर्करोग पुष्कळदा इतक्या मंद गतीने वाढतो, की रोग्याला त्याची जाणीवही होत नाही. काही रोग्यांत मात्र तो हाडांपर्यंत पसरून प्राणघातक ठरतो. हा भेद आरंभीच कसा ओळखावा, हा वैद्यकापुढील बिकट प्रश्न आहे.

शिकागो येथील चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले, की पुरुषी हॉर्मोनांचा पुरवठा तोडल्यास हा रोग मागे हटतो. या कार्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पसरलेल्या रोगात हे यश बहुधा तात्पुरते ठरते; कालांतराने कर्कपेशी अत्यल्प हॉर्मोनावरही वाढू लागतात. मग या वाढीची सूत्रे आणखी कोणाच्या हाती असतात?

मानवी डीएनएमध्ये सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. त्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी अक्षरांत प्रथिने घडविण्याचा मजकूर असतो. उरलेला बराचसा भाग एके काळी निरुपयोगी मानला जाई. परंतु त्याच्याही आरएनएरूपी नकला पेशीत निघत असतात. यांपैकी ज्यांची लांबी दोनशे न्यूक्लिओटाइडांहून अधिक असते आणि ज्यांपासून प्रथिन तयार होत नाही, त्यांना ‘दीर्घ असंकेतक आरएनए’ म्हणतात.

असाच एक रेणू, ‘पीसीए-३’, १९९९ मध्ये प्रसिद्धीस आला. निरोगी अष्ठीला ग्रंथीत तो अत्यल्प, तर कर्कग्रस्त ग्रंथीत विपुल असतो. ट्यूमरची वाढ रोखणाऱ्या ‘प्रून-२’ या जनुकाच्या आरएनएला बिलगून तो त्या जनुकाचे कार्य क्षीण करतो, असे २०१५ मध्ये दिसून आले. २०१३ मध्ये वर्णिलेला ‘श्लॅप-१’ हा रेणू निराळ्या मार्गाने जातो. डीएनएची गुंडाळी सैल करून जनुकांचे नियंत्रण करणाऱ्या एका प्रथिनसंघाच्या कामात तो अडथळा आणतो. ज्या गाठींत तो अधिक आढळतो, त्या दूरवर पसरण्याचा संभव जास्त असतो.

या ज्ञानाचा उपयोग रोग्याला होऊ लागला आहे. मूत्रातील पीसीए-३ मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. ग्रंथीत सुई घालून ऊतकाचा तुकडा काढण्याची क्लेशदायक तपासणी पुन्हा करावी किंवा नाही, हे ठरविण्यास तिचे साहाय्य होते. या रेणूंवर थेट आघात करणारी औषधे मात्र अद्याप प्रयोगावस्थेत आहेत.