वाटेवरची माणसे

प्रवासाला निघताना आपण भाकरी बांधतो, पैसे कनवटीला लावतो. पण दोन गोष्टी गाठोड्यात बांधता येत नाहीत. एक नशीब, दुसरी अनोळखी माणसाची माया. प्रवास जन्मभर लक्षात राहतो तो बहुधा या दोहोंमुळे.

२६ जुलै २००५ ची गोष्ट पाहा. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे तीन फुटांहून अधिक पाणी! त्याच शहरात कुलाब्याला मात्र जेमतेम तीन इंच. एकाच्या दारात पूर, दुसऱ्याच्या दारात साधी सर. यालाच नशीब म्हणायचे. त्यात समुद्राला भरती होती. पाण्याला वाट मिळेना. मिठी नदी फुगली, लोकल गाड्या थांबल्या. शेकडो माणसे दगावली.

आम्ही त्या दिवशी मानखुर्दला निघालो होतो. पुतणीचे पहिले बाळंतपण होते. दवाखान्यासाठी तीन हजार रुपये जवळ होते. वडाळ्याला हार्बर मार्गाचे दोन फाटे होतात. एक कुर्ल्यावरून मानखुर्दकडे जातो, दुसरा माहीमवरून वांद्र्याकडे. आमची गाडी वडाळ्यालाच थांबली. अंधार पडला. पुढे काय करावे सुचेना.

दोन तरुणांनी दोर धरून लोकांना रस्त्यापलीकडे नेले. पाणी कमरेला लागत होते. एका चाळीतल्या बाईंनी आम्हाला घरात घेतले. कोरडे धोतर दिले, चहा दिला. नोटा भिजून चिकटल्या होत्या. बाईंनी एकेक नोट हलक्या हाताने सुटी केली आणि वर्तमानपत्रावर वाळत घातली.

खरे सांगतो, आम्हाला रात्रभर झोप लागली नाही. डोळा त्या नोटांवरच. सकाळी बाईंनी तीसच्या तीस नोटा मोजून हातात ठेवल्या. आमची मान खाली गेली. आम्ही पन्नास रुपये देऊ केले. बाई हसल्या.

त्या म्हणाल्या, "भाऊ, आषाढीला इथल्या विठ्ठलाच्या दर्शनाला किती माणसं येतात! आम्ही नाव विचारून पाणी देतो का?"

तेव्हा आम्हाला उमगले. कोणाच्या दारी पोहोचायचे ते नशीब ठरवते. पण दार उघडते ते सवयीने. वारकऱ्याला पाणी देणारा हात पुरातही आपसूक पुढे होतो.

म्हणून प्रवासात चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. अडचण आली तर लाजू नये. कुठे जायचे ते स्पष्ट सांगावे. गाडीवरची पाटी स्वतः वाचावी, वाचता येत नसेल तर दोघांना विचारावे. सावध जरूर असावे, पण प्रत्येकाला चोर समजू नये.

पुढे आम्ही दोनदा वडाळ्याला गेलो. बाईंचे बिऱ्हाड हलले होते. ऋण फेडायचे राहिले. ते आता वाटेवर फेडतो. आमच्या गावात शेवटची एस. टी. चुकलेला माणूस दिसला, की आधी पाणी विचारतो. मग गाव विचारतो. नाव शेवटी.