मेंदूतली गुठळी ओढून काढणारी जाळी

मागच्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचणारे बाबा साठीच्या घरातले, आवाज खणखणीत. त्या संध्याकाळी वाचता वाचता त्यांचे शब्द घसरू लागले, तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला आणि ग्रंथ हातातून मांडीवर पडला. कुणी पाणी पाजले, कुणी तोंडात साखर घातली. "वारं गेलंय, गरम तेलानं चोळा," असे एकजण म्हणाला आणि आम्हीही चोळत बसलो. हे आधी कबूल करतो. त्यात तास गेला. मग रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेले. तिथे सीटी स्कॅनचे यंत्रच नाही, हे कळायला आणखी दोन तास लागले. मोठ्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते.

तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून सांगितले, "डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी आहे. लवकर आला असता तर ओढून काढता आली असती. आता मेंदूचा तेवढा भाग मेला आहे."

मेंदूतली गुठळी ओढून काढतात? कवटी न फोडता? ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. त्यावर जे वाचले, विचारले, समजून घेतले, ते या पानावर मांडत आहोत.

ही कथा पायापासून सुरू होते. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात थॉमस फोगार्टी नावाचा मुलगा होता. वडील लहानपणीच वारलेले. शाळकरी वयातच तो रुग्णालयात उपकरणे धुण्याच्या कामाला लागला आणि पुढे शस्त्रक्रियेच्या खोलीत हाताखाली उभा राहू लागला. पायाच्या धमनीत गुठळी अडकलेले रुग्ण तो पाहत असे. तेव्हा गुठळी काढायची तर पाय लांबलचक चिरावा लागे. कित्येकांचा पाय कापावा लागे, कित्येक दगावत. आपल्या वस्त्यांतले कितीतरी बाया-माणसे रुग्णालयांत वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार म्हणून राबतात. तिथे काय चुकते ते सगळ्यात आधी त्यांनाच दिसते, पण विचारत कुणी नाही. फोगार्टीला विचारणारे एक डॉक्टर भेटले, तो शिकला आणि स्वतः शल्यचिकित्सक झाला.

त्याने काढलेली युक्ती साधी होती. तुंबलेल्या मोरीत काठी घातली तर कचरा आणखी आत जातो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून त्याने ढकलणे सोडले. बारीक नळीच्या टोकाला रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा बांधला. हा फुगा मिटलेला असताना नळी गुठळीच्या पलीकडे सरकवायची, मग पाणी भरून फुगवायचा आणि मागे ओढायचा. गुठळी फुग्यापुढे घसरत छोट्याशा छेदातून बाहेर येते. रबर नळीला चिकटवणारा डिंक मिळेना, तेव्हा मासे धरायच्या गळाला बांधतात तशा दोऱ्याच्या गाठी त्याने मारल्या. ती कला लहानपणापासून हातात होती. १९६१ साली ही नळी पहिल्यांदा रुग्णावर वापरली. आजही पायाच्या गुठळ्यांसाठी तीच रीत चालते.

मेंदूचे काम मात्र फार नाजूक. तिथली मोठी समजली जाणारी धमनी जेमतेम तीन मिलिमीटर रुंद, भिंत पातळ, आणि कवटीत शिरताना वाट नागमोडी. फुगा जोरात ओढला तर धमनीच फाटायची. २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले उपकरण बाटलीचे बूच काढायच्या पिळदार स्क्रूसारखे होते. तारेचा पीळ गुठळीत रुतवून ओढायचे. पण कधी पीळ सुटे, कधी गुठळी तुटे.

पुढची वाट योगायोगाने सापडली. धमनीला आलेला फुगवटा बुजवताना आतली तारेची गुंडाळी जागेवर राहावी, म्हणून एक जाळीदार नळकांडे बनवले होते. २००८ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये डॉक्टरांनी ते गुठळीत उघडून तसेच मागे ओढले आणि गुठळी जाळीत अडकून आली. ही जाळी नितिनॉलची, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. हा धातू चेपून मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत कोंबला तरी बाहेर येताच मूळ आकार घेतो. जांघेतून किंवा मनगटातून नळी वर नेतात, गुठळीच्या आरपार जातात आणि जाळी उघडतात. मग तीन ते पाच मिनिटे काहीच करत नाहीत. तेवढ्यात जाळीच्या तारा गुठळीत रुततात. एक्स-रेत दिसावे म्हणून तिच्या टोकांना प्लॅटिनमचे ठिपके असतात.

दुसरी रीत शोषून घेण्याची. इथे अभियंत्यांना निसर्गानेच हद्द घालून दिली आहे. नळीतली सगळी हवा काढली तरी बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा, म्हणजे पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरपेक्षा जास्त ओढ लागतच नाही. पंप कितीही महाग घ्या. मग एकच मार्ग उरतो, नळीचे तोंड रुंद करणे. तोंड दुप्पट रुंद केले की ओढ चौपट होते. पण रुंद नळी वाकत नाही आणि न वाकणारी नळी मेंदूपर्यंत पोहोचत नाही. म्हणून नळीच्या भिंतीत बारीक तारेचे वेटोळे घालतात. मागचा भाग ताठ ठेवतात, म्हणजे ढकलता येतो. टोक मऊ ठेवतात, म्हणजे वळणावर वळते. आम्हाला यातली खरी हुशारी इथेच वाटते.

गुठळ्याही सगळ्या सारख्या नसतात. तांबड्या पेशींची गुठळी जेलीसारखी मऊ असते, तर फायब्रिन नावाच्या धाग्यांची चिवट. मऊ गुठळी तुटते आणि तिचा तुकडा पुढच्या धमनीत जाऊन बसतो. म्हणून कित्येकदा मानेतल्या धमनीत फुगा फुगवून रक्ताचा प्रवाह क्षणभर अडवतात आणि मगच ओढतात. जाळी आणि शोषण दोन्ही एकदम वापरणारेही पुष्कळ आहेत.

उपयोग किती? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांतले १,२८७ रुग्ण एकत्र मोजले. तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकणारे, नुसत्या औषधांवर होते त्यांत शंभरात २६-२७, तर गुठळी काढलेल्यांत ४६. फरक मोठा आहे. पण ४६ म्हणजे शंभर नव्हे, हेही लपवू नये.

सगळा खेळ वेळेचा आहे. मोठी धमनी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गुठळी ओढण्याला साधारण सहा तास मिळतात. स्कॅनमध्ये मेंदूचा बराच भाग जिवंत दिसला तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही ती काढतात. आमचे बाबा तासांच्या हिशेबात बसत होते, पण त्यांच्या मेंदूने तेवढी वाट पाहिली नाही.

विषारी बाण लागलेल्या माणसाचा तथागतांनी दिलेला दृष्टांत आपण विहारात कितीदा ऐकतो. बाण कुणी मारला, धनुष्य कसले होते, हे विचारत बसला तर तो मरतो. आणि आपल्यासमोर माणूस पडला की आपण "काय बाधलं, कुणाची नजर लागली" हेच विचारतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे चालते, म्हणून लिहावे लागते.

तोंड वाकडे झाले, एक हात उचलता येईना, बोलणे अडखळले, यातले एक जरी अचानक दिसले तरी १०८ ला फोन करावा आणि "लकवा वाटतोय" असे स्पष्ट सांगावे. माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. तोंडात पाणी, साखर, गोळी काही घालू नये. घास श्वासनलिकेत जातो. ॲस्पिरिनही नको, कारण रक्तस्रावाने झालेला लकवा बाहेरून अगदी असाच दिसतो आणि फरक सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल आहे. त्या मुलांना लहान वयातही असा झटका येऊ शकतो आणि त्यांचा उपचार वेगळा असतो, म्हणून सिकलसेलचे कार्ड बरोबर न्यावे. पैशांसाठी दारातून परत फिरू नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो, शिधापत्रिका घेऊन आधी त्याला गाठावे.

बाबा आता विहारात येतात, भिंतीला टेकून बसतात. उजवा हात चालत नाही, शब्द जुळत नाहीत. वाचन त्यांची नात करते. वंदनेच्या वेळेच्या फळ्याखाली आम्ही दुसरा फळा लावला आहे. आपल्या भागात रात्री सीटी स्कॅन चालू असणारे रुग्णालय कोणते, गुठळी काढण्याची सोय कुठे आहे आणि तिथे जायला किती मिनिटे लागतात, एवढेच त्यावर आहे. मंडळातल्या पोरांनी दोन रविवार फिरून विचारून ते लिहिले.